बांधायला सात वर्षे, पडदे सांभाळायला चोवीस

1590 ते 1597 या सात वर्षांत इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात हार्डविक हॉल हे तीन मजली दगडी घर उभे राहिले. 1999 ते 2023 या चोवीस वर्षांत त्याच घरातल्या 13 टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायचे विणीव चित्रपडदे, स्वच्छ आणि दुरुस्त झाले. घर बांधायला जेवढा वेळ गेला, त्याच्या तिपटीहून अधिक वेळ त्यातले पडदे वाचवायला लागला. जुनी घरे कोणी आणि किती थाटात बांधली, हे सगळे सांगतात. ती टिकवायला काय लागते, हे हार्डविकच्या आकड्यांतून समजते.

चार विवाह, सहा मनोरे

हार्डविकची एलिझाबेथ, इतिहासातली ‘बेस ऑफ हार्डविक’, ही साध्या जमीनदाराची मुलगी. तिचे चार विवाह झाले आणि चारही पती तिच्याआधी गेले. चौथा पती, श्रूजबरीचा सहावा अर्ल, 1590 मध्ये वारला तेव्हा इंग्लंडमधल्या सर्वांत धनाढ्य स्त्रियांत तिची गणना होत होती. त्याच वर्षी या घराचा पाया खोदला गेला. तेव्हा तिने साठी ओलांडली होती.

आराखडा बहुधा वास्तुरचनाकार रॉबर्ट स्मिथसनचा. घराला सहा मनोरे आहेत आणि त्यांच्या माथ्यावर तिची आद्याक्षरे दगडात कोरलेली आहेत. सर्वांत खालच्या मजल्यावर नोकरचाकर, मधल्यावर ती स्वतः आणि सर्वांत वर राजेशाही दालने, अशी रचना होती. जसजसे वर जावे तसतशी छताची उंची वाढते आणि खिडक्याही मोठ्या होतात. वरच्या मजल्यावरची लाँग गॅलरी सुमारे 50 मीटर लांब आहे. पाहुण्यांची शतपावली आणि चित्रांचे प्रदर्शन, दोन्ही तिथेच होई.

त्या काळी काच महाग होती आणि मोठी तावदाने बनवता येत नसत. छोटे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून खिडकी तयार करावी लागे. तरीही इथे दर्शनी भिंतीचा बहुतांश भाग काचेने व्यापला आहे. हे दोन कारणांनी जमले. एक म्हणजे धुराडी बाहेरच्या भिंतींऐवजी आतल्या भिंतींत घेतली, त्यामुळे बाहेरच्या भिंती खिडक्यांसाठी मोकळ्या झाल्या. दुसरे म्हणजे दगड, लाकूड, शिसे आणि काच हे सारे बेसच्या स्वतःच्या खाणी, जंगले व भट्ट्यांतून येत होते. या काचेची किंमत हिवाळ्यात कळत असे. अशा घरात ऊब राहत नाही. 1601 मध्ये केलेल्या सामानाच्या यादीत तिच्या शयनगृहातल्या जाड पडद्यांची आणि पांघरुणांची नोंद आहे, त्यावरून थंडीचा अंदाज येतो.

326 पौंड आणि 17 लाख पौंड

ही यादी आजही उपलब्ध आहे आणि तिच्यातल्या कितीतरी वस्तू अजून त्याच घरात आहेत. त्यांत सर्वांत मोठ्या म्हणजे बायबलमधल्या गिदियनची कथा सांगणाऱ्या 13 टॅपेस्ट्री. बडा दरबारी सर क्रिस्टोफर हॅटन कर्ज मागे ठेवून वारला, तेव्हा 1592 मध्ये बेसने त्या त्याच्या वारसाकडून 326 पौंड 15 शिलिंग 9 पेन्सला घेतल्या. त्यांवर हॅटनची कुलचिन्हे होती. ती बदलावी लागणार म्हणून तिने किमतीत 5 पौंडांची सूट मिळवली, म्हणजे साधारण दीड टक्का. मग त्या चिन्हांवर आपली चिन्हे रंगवलेले कापडी तुकडे शिवून टाकले.

या टॅपेस्ट्रींची उंची सुमारे 6 मीटर आणि एकत्रित लांबी 70 मीटरच्या वर, म्हणजे साधारण 420 चौरस मीटर वीण. 1999 पासूनच्या दुरुस्तीत त्यांची धुलाई बेल्जियममध्ये झाली आणि टाके इंग्लंडमधल्या नॉर्फकच्या कार्यशाळेत घातले गेले. एकेका टॅपेस्ट्रीला जवळपास दोन-दोन वर्षे लागली. खर्च सुमारे 17 लाख पौंड, म्हणजे चौरस मीटरला चार हजार पौंड. चार शतकांत पौंडाचे मोल फार बदलले, म्हणून मूळ किमतीशी थेट तुलना करता येत नाही. पण एक गोष्ट नक्की. खरेदी एकदाच होते आणि सांभाळणे प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते.

8 टक्के ते 80 टक्के

1608 मध्ये बेस वारली. तिचे वंशज, पुढचे डेव्हनशरचे ड्यूक, मुख्यतः चॅट्सवर्थ या आपल्या दुसऱ्या घरात राहू लागले आणि 1687 पासून त्यांनी ते घर नव्याने बांधून काढले. हार्डविक दुय्यम ठरले. प्रत्येक पिढीने आपल्या आवडीप्रमाणे ते पाडून सजवले असते, तर बेसच्या काळातले फार थोडे उरले असते. दुर्लक्षाने त्याचे भले केले.

विसाव्या शतकात मात्र दुर्लक्ष परवडणारे नव्हते. मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणाऱ्या कराचा कमाल दर ब्रिटनमध्ये 1894 साली 8 टक्के होता, 1919 मध्ये 40 आणि 1949 मध्ये 80 टक्के झाला. पंचावन्न वर्षांत दहापट. दहाव्या ड्यूकने 1946 मध्ये मालमत्ता मुलासाठी वेगळी काढली, पण हा कर टळायला त्यानंतर पाच वर्षे जगणे आवश्यक होते. मुदतीला काही महिने उरले असताना, नोव्हेंबर 1950 मध्ये, तो वारला आणि 80 टक्क्यांचा बोजा वारसांवर आला.

अशाच अडचणींत त्या शतकात इंग्लंडमधली शेकडो घरे जमीनदोस्त झाली. 1974 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने गमावलेल्या घरांवर प्रदर्शन भरवले, तेव्हा नुकसानीची व्याप्ती लोकांना दिसली. हार्डविक वाचले, कारण कराच्या रकमेऐवजी घरच स्वीकारण्याची सोय सरकारने ठेवली होती. 1946 मध्ये अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी त्यासाठी 5 कोटी पौंडांचा राष्ट्रीय भूनिधी उभारला होता. हार्डविक सरकारकडे आले आणि 1959 मध्ये वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे सोपवले गेले.

80 टक्के कर अनेक घरांना भोवला. पण त्याच कराला एका तरतुदीची जोड मिळाली, तेव्हा एका घराण्याची खासगी मालमत्ता सर्वांसाठी खुली झाली. वारसा वाचवायचा तर प्रेमाबरोबर असे कलम, त्यामागे निधी आणि चोवीस वर्षे टाके घालत बसण्याची तयारी असलेली संस्था, हे तिन्ही हवे.