मुलाचे घर वर्गात येईपर्यंत

इ. स. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत आपणांस दाखल करून घ्यावे, असा अर्ज एका महार मुलाने केला. आणि त्या एकापायी उरलेल्या मुलांनी पाठ फिरविल्यास शाळाच निरुपयोगी होईल, या सबबीवर मुंबई सरकारने तो नामंजूर केला. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व प्रजाजनांस खुल्या आहेत, असा निर्वाळा दोन वर्षांनी विलायतेहून आला खरा. परंतु प्रत्यक्ष वर्गात पोहोचण्यास त्याला पिढ्या लागल्या. आपल्या प्राथमिक वर्गाचा मागोवा घेताना मी आरंभ या अर्जापासून धरतो, कारण मुलाच्या कुळाकडे आणि घराकडे शाळेने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न त्या कागदाने सरकारदरबारी उभा केला.

त्या निर्वाळ्यानंतरही साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर निराळे बसावे लागले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. या हुकुमांची थोरवी मानूनही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. एका बैठकीवर सर्व जातींची मुले आली, तरी ती आपापले घर बाहेर ठेवूनच आत येत होती. वर्गात मान्य असलेली भाषा, आदर्श म्हणून डोळ्यांपुढे असलेले घर आणि सणवारांचे वर्णन ही सर्व एकाच प्रकारच्या कुटुंबातून आलेली होती, आणि इतरांनी आपले घर जितके लवकर विसरावे तितकी त्यांची प्रगती झाली, असे समजण्याची रीत पडली होती.

ही रीत जिथे मोडली, त्या ठिकाणी मला अधिक काळ रेंगाळावेसे वाटते. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहवासात बालशिक्षणाची दीक्षा घेतलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. हरिजन वस्तीतील मुले बालवाडीकडे फिरकत नाहीत, हे ध्यानी आल्यावर त्यांना दोष देत न बसता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्याची तजवीज झाली, आणि ‘अंगणवाडी’ हे पुढे साऱ्या देशाने उचललेले नाव तिथे रुजले. मोंटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात आणणे अशक्य होते. त्यांची जागा शिंपल्यांनी, बियांनी, पानांनी आणि मातीने घेतली, आणि मुलाच्या हातांना जी वस्तू जन्मापासून ओळखीची तिलाच शिक्षणाची प्रतिष्ठा लाभली. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून कुरणातच शाळा भरली. थोरल्या बहिणीला धाकट्या भावंडाला सांभाळावे लागे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. कुटुंबाची गरज आणि त्याचा व्यवसाय यांस शाळेने अडथळा न मानता आपल्या रचनेचा पाया मानले, यापेक्षा मोठा सन्मान त्या घरांना अन्य कोणत्या समारंभाने दिला असता, हे मला दिसत नाही. वारल्यांच्या लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर रेखणाऱ्या सवाशिणी ज्या घरात आहेत, त्या घरातून आलेले मूल कोऱ्या पाटीचे नसते.

घराच्या भाषेपुरते पाहिले तर, १९५६ साली घटनेत ३५०-क हे कलम येऊन भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची दिशा ठरली. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात, ही या शहराच्या अभिमानाची गोष्ट आहे. परंतु माध्यमांच्या यादीत न बसणाऱ्या घरांची संख्याही थोडी नाही. वर्षाकाठी एखाद्या दिवशी मुलांना प्रांतोप्रांतीचे पोशाख चढवून मिरविले जाते. त्यात आनंद आहे, आणि तो मुलांना मिळावा. मात्र बंजारा तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या मुलीचे घर त्या एका दिवसाच्या घागऱ्यात मावत नाही. तिची आजी सांगते ती गोष्ट तिला वर्गात आपल्या बोलीत सांगता यावी आणि शेजारच्या मुलाने ती मराठीत पुन्हा सांगावी, असा तास नेहमीच्या वेळापत्रकात हवा.

दिवाळीनंतर बीडकडून साखर कारखान्यांच्या मुलखात उतरणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, ही गरज सर्वांत तीव्र आहे. आईबापांबरोबर फडात राबलेल्या मुलाला मोळ्यांची मोजणी, मुकादमाची उचल आणि गाडीच्या वजनाचा हिशेब ठाऊक असतो, आणि गावाकडच्या हजेरीपटावर तो गैरहजर असतो. त्याचे गणित फडातून सुरू करता येईल अशी पुस्तके आणि कोप्यांवर राहून ती घरे पाहिलेले शिक्षक त्याला मिळाले पाहिजेत. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांच्या पदविकेत अशा वस्तीवरील निवासाचा एक हंगाम सक्तीचा करण्यास शिक्षण खात्याने आता विलंब लावू नये.