न वितळता होणारी काच

काच म्हटली म्हणजे डोळ्यांपुढे भट्टी उभी राहते. वाळू, सोडा व चुनखडी एकत्र वितळवावी आणि तो रस असा निववावा की, अणूंना रांगा धरण्यास अवसरच मिळू नये. अशा विस्कळीत स्थितीत थिजलेला घनपदार्थ म्हणजे काच. स्फटिकात मात्र अणू पलटणीसारखे शिस्तीने उभे असतात.

एकाच पदार्थाच्या या दोन अवस्था विजेला सारखी वाट देत नाहीत. टेल्युरियमयुक्त काचेवर पुरेसा विद्युद्दाब दिला असता ती एकाएकी वाहक बनते, असे अमेरिकेतील स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांनी १९६८ साली दाखविले. काही मिश्रणे तर त्या वेळी तापून स्फटिकरूप होतात आणि दाब काढल्यावरही तशीच राहतात. स्फटिक म्हणजे एक, काच म्हणजे शून्य; एवढ्या दोन खुणांवर गणकयंत्राची स्मृती उभारता येते.

अडचण आहे ती परतीच्या वाटेची. स्फटिकाची पुन्हा काच करावयाची तर तो कण वितळवून क्षणार्धात निववावा लागतो. जर्मेनियम, अँटिमनी व टेल्युरियम यांच्या प्रचलित संयुगाला त्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सियस उष्णता लागते. बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यालगतच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत, किंबहुना जिथे जिथे गणकयंत्रे अहोरात्र चालतात तिथे, माहिती साठविण्यास वीज लागते आणि त्यातून उपजलेली उष्णता घालविण्यास पुन्हा वीज लागते.

या कोड्याचे एक अनपेक्षित उत्तर त्याच नगरातील भारतीय विज्ञान संस्थेच्या सहभागाने हाती आले. पवन नुकला, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे रितेश अगरवाल व त्यांचे सहकारी यांनी २०२४ साली ‘नेचर’मध्ये आपले संशोधन प्रसिद्ध केले. इंडियम सेलेनाइडच्या अतिसूक्ष्म तारेतून अखंड प्रवाह सोडला असता तिचे लांबच लांब भाग न वितळताच काच बनले!

या पदार्थाचे थर पत्त्यांच्या जोडाप्रमाणे एकावर एक रचलेले असतात. विजेच्या रेट्याने ते घसरू लागतात, जागोजाग दोष उपजतात, आणि अनेक दोष एकत्र आले की तेथील रचना कोसळते. त्या कोसळण्याचा हादरा भूकंपाच्या लाटेसारखा पुढे जाऊन नवे दोष घडवितो. वितळविण्याच्या रीतीपेक्षा येथे सुमारे एक अब्ज पटीने कमी शक्ती पुरते.

सूक्ष्म तारेतील हा प्रयोग कारखान्यात उतरावयास मोठी मजल बाकी आहे. तथापि, शिस्त मोडावयास आगच हवी असे नाही, योग्य दिशेचा हलका रेटाही पुरतो, ही गोष्ट त्याने सिद्ध केली आहे.