फुलझाडांच्या नवीन वाणांचे नामकरण

गुलाब, शेवंती, निशिगंध, ग्लॅडिओलस इत्यादी फुलझाडांची कलमे अगर कंद शेतकरी खरेदी करतो, ते मुख्यतः नावाच्या भरवशावर. फुलाचा रंग, आकार व फुलण्याचा हंगाम लागवडीनंतर काही महिन्यांनीच दृष्टीस पडतात. तोपर्यंत खत, पाणी व मजुरी यांवरील खर्च होऊन गेलेला असतो. म्हणून वाणाचे नाव ही केवळ शोभेची बाब नसून ते खरेदीदाराचे संरक्षण होय.

लागवडीखालील वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता प्रथम १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली व पुढे ती वेळोवेळी सुधारण्यात आली. तिचे मुख्य तत्त्व असे की, एका वाणास एकच मान्य नाव असावे व त्याच पिकातील दुसऱ्या वाणास ते देऊ नये. वनस्पतीचे शास्त्रीय नाव लॅटिन असते. परंतु १ जानेवारी १९५९ पासून नवीन वाणाचे नाव प्रचलित भाषेतच ठेवावे लागते. ते एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात. 'मोठा पांढरा' यांसारखे केवळ सामान्य गुण सांगणारे नाव चालत नाही. कारण ते अनेक वाणांना लागू पडते. नावाची लिपी बदलता येते, पण त्याचे भाषांतर करावयाचे नसते.

आपल्या देशातील पुष्कळ वाणांच्या नावांत आरंभीचा शब्द संस्था दर्शवितो. 'पुसा नारंगी गेंदा' या झेंडूतील 'पुसा' हा शब्द दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा, तर 'फुले' हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा निदर्शक आहे. 'फुले गणेश' हा ग्लॅडिओलसचा वाण आहे, तर 'फुले गणेश व्हाइट' हा ॲस्टरचा. यास्तव मागणी नोंदविताना पिकाचे नाव व वाणाचे पूर्ण नाव, दोन्ही द्यावीत.

मान्य नाव व व्यापारी नाव यांतील भेदही ध्यानात ठेवावा. जर्मनीतील कोर्डेस या पैदासकारांनी १९५८ मध्ये प्रसारित केलेला पांढरा गुलाब आपल्याकडे 'आइसबर्ग' म्हणून परिचित आहे. जर्मनीत तो 'श्नेविटखेन' या नावाने ओळखला जातो आणि त्याचे नोंदणीतील नाव 'कोर्बिन' असे आहे. तीन नावे ऐकून कोणी तीन निरनिराळी कलमे घेतल्यास त्याच्या बागेत एकच गुलाब तीनदा येईल.

कित्येकदा शेवंतीच्या अगर गुलाबाच्या एखाद्या फांदीवर अचानक निराळ्या रंगाची फुले येतात. त्या फांदीपासून केलेल्या रोपांत तो रंग कायम टिकल्यास शेतकऱ्याच्या हाती नवीन वाण येण्याचा संभव असतो. अशा वेळी जुन्याच नावाने अगर मनास येईल त्या नावाने रोपे विकण्याची घाई करू नये. भारतात विक्री सुरू होऊन एक वर्षाहून अधिक काळ लोटल्यास 'नवीन वाण' म्हणून नोंदणी मिळत नाही.

वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये वाण इतरांहून वेगळा, एकसारखा व स्थिर असला पाहिजे. नोंदणीसाठी सुचविलेले नाव पुढील अटींस उतरावे :

(१) ते केवळ आकड्यांचे नसावे.
(२) वाणाचे गुण, मूल्य अगर पैदासकार यांविषयी दिशाभूल करणारे नसावे.
(३) त्याच अगर निकटच्या प्रजातीत नोंदलेल्या वाणाच्या नावाहून वेगळे असावे.
(४) कोणाच्याही धार्मिक भावना दुखविणारे नसावे.
(५) त्यात गावाचे अगर प्रदेशाचे नाव नसावे. असा वापर प्रामाणिक असल्याची निबंधकाची खात्री पटल्यास मात्र त्यास अपवाद करता येतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी फांदी आढळल्याचे कळताच ती खुणेने वेगळी राखण्यास शेतकऱ्यास सांगावे, फुलांची छायाचित्रे व तारखा नोंदवून ठेवाव्यात आणि कृषी विद्यापीठाच्या उद्यानविद्या विभागाशी त्याची गाठ घालून द्यावी. रोपवाटिकाधारकांनी प्रत्येक वाफ्यावर नावाची पाटी लावावी व तेच नाव पावतीवर लिहावे. पाटी हरविल्यास अंदाजाने नाव न देता 'नाव अज्ञात' असे लिहावे. अशा रोपास किंमत कमी येईल. परंतु चुकीच्या नावाने विकलेल्या रोपामुळे घेणाऱ्याचा हंगाम जातो व विकणाऱ्याची पत जाते.