मदरबोर्डवरील पोर्ट मोजून घ्यावेत

इंदूर येथे आकाशवाणीचे केंद्र 1955 साली सुरू झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेत आयबीएम कंपनीने चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठविणारे आपले पहिले यंत्र बाजारात आणले. 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या, सुमारे एक टन वजन, आणि एवढ्या पसाऱ्यात मावणारी माहिती जेमतेम 50 लाख अक्षरे! आज 8 टेराबाइटची एक हार्ड डिस्क तळहातावर घेता येते आणि तिच्यात त्या यंत्राच्या सोळा लाख पट माहिती राहते. असे असूनही संगणक घेणाऱ्यास जागा अपुरी पडते, आणि पुष्कळदा ती डिस्कमध्ये अपुरी नसून डिस्क जोडावयाच्या मदरबोर्डवर अपुरी असते.

इंदूरच्या मराठी घरांपुरता हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. अमीर खाँसाहेबांचे हे शहर. रामूभैया दाते यांच्यासारख्या रसिकांच्या घरी मैफली रंगल्या त्या येथेच. आणि कुमार गंधर्व 1948 पासून हाकेच्या अंतरावर देवासला राहावयास आले. घरगुती टेपरेकॉर्डर आल्यानंतर अशा मैफली, नाट्यप्रयोग, कीर्तने फितींवर उतरू लागली आणि त्या फिती कपाटांत व ट्रंकांत जाऊन बसल्या. फितीवरील चुंबकीय कण धरून ठेवणारा लेप कालांतराने दमट हवेने चिकट होतो. मग फीत यंत्रावर चढविली की थर सुटून येऊ लागतो. काही फिती यापुढे एकदाच धड वाजतील, पुन्हा वाजणार नाहीत. ते एकदाचे वाजणे ज्या संगणकात टिपून ठेवावयाचे, त्याची रचना आधी विचारपूर्वक केलेली बरी.

प्रथम हिशेब मांडावा. ध्वनी जतन करणाऱ्या संस्था सेकंदास 96 हजार नमुने आणि प्रत्येक नमुना 24 बिटांचा, हे प्रमाण पसंत करतात. या प्रमाणाने दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणास तासाला सुमारे 2 गिगाबाइट लागतात. जुन्या व्हिडिओ कॅसेटी डीव्ही पद्धतीने उतरविल्या तर तासाला सुमारे 13 गिगाबाइट. म्हणजे ज्या घरात 400 तासांचे गाणे व 150 तासांची चित्रफीत आहे, त्याचे काम 3 टेराबाइटच्या आत भागते. 4 टेराबाइटची एक डिस्क, तिची प्रत ठेवण्यास दुसरी, आणि संगणक चालू करण्यासाठी एक लहान एसएसडी. अशा घराने मदरबोर्डची फारशी चिंता करू नये. साधाही बोर्ड त्यास पुरेल. परंतु एखाद्या संगीत मंडळाकडे 2000 तासांचा ध्वनी व 1000 तासांची चित्रफीत असेल, तर गरज 17 टेराबाइटवर जाते. 8 टेराबाइटच्या तीन डिस्क झाल्या, प्रतीसाठी आणखी तीन, शिवाय एसएसडी. सात जोडण्या! खरा घोळ येथून सुरू होतो. (8 टेराबाइटची डिस्क संगणकाच्या पडद्यावर 7.27 दिसते, त्यात दुकानदाराची लबाडी नाही. कारखाना हजाराच्या पटीने मोजतो, संगणक 1024 च्या, एवढाच तो फरक.)

पूर्वी 40 पिनांच्या रुंद पट्टीवजा केबलवर दोन डिस्क बसत. 2003 च्या सुमारास साटा पद्धत आली, केबल अरुंद झाली आणि एका पोर्टास एकच डिस्क असा नियम झाला. म्हणून बोर्डावरील साटा पोर्टांची संख्या हीच डिस्कांची मर्यादा. ही मर्यादा मुख्यतः चिपसेट ठरवितो. इंटेलच्या बी760 चिपसेटमध्ये साटा पोर्ट जास्तीत जास्त 4, झेड790 मध्ये 8. एएमडीच्या बी650 मध्ये 4. मात्र चिपसेटला शक्य आहे तितके पोर्ट बोर्ड बनविणारा देतोच असे नाही. झेड790 चे चारच पोर्टांचे बोर्डही मिळतात. रवींद्रनाथ टागोर मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडवर चौकशी करताना केवळ चिपसेटचे नाव विचारून थांबू नये. बोर्डाचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याच क्रमांकाची माहितीपुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. पुस्तिका विनामूल्य असते आणि पेटीवरील चकचकीत मजकुरापेक्षा ती कितीतरी अधिक प्रामाणिक असते.

पुस्तिकेत नेमके काय शोधावयाचे? एम डॉट टू या स्लॉटाखालची बारीक अक्षरांतील टीप. हा स्लॉट म्हणजे बोर्डावर आडवी बसणारी, बहुधा 22 मिलिमीटर रुंद व 80 मिलिमीटर लांब अशी एसएसडी लावण्याची जागा. तीत दोन जातींच्या एसएसडी बसू शकतात. एक साटा पद्धतीची, दुसरी एनव्हीएमई पद्धतीची. दिसावयास दोन्ही सारख्याच. पण काही स्लॉट एकच जात स्वीकारतात, काही दोन्ही. त्याहून मोठी अडचण निराळीच आहे. चिपसेटमधून बाहेर पडणाऱ्या वेगवान वाहिन्या मोजक्या असतात, आणि कित्येक बोर्डांत तीच वाहिनी साटा पोर्टासाठी किंवा एम डॉट टू स्लॉटासाठी अशी आलटून पालटून वापरली जाते. दोहोंसाठी एकाच वेळी ती मिळत नाही. परिणाम असा की, स्लॉटात एसएसडी बसविली की एखादे, कधी दोन साटा पोर्ट मुकाट्याने बंद पडतात. डिस्क बिघडली असे समजून माणूस केबल बदलतो, डिस्क बदलतो, दुकानाच्या फेऱ्या घालतो. आणि दोष कशातच नसतो. बोर्डावर सहा पोर्ट डोळ्यांना दिसत असूनही वापरता येतात ते चार किंवा पाच, हे पैसे मोजण्यापूर्वी कळले तर केवढा त्रास वाचेल! प्रोसेसरशी थेट जोडलेल्या एम डॉट टू स्लॉटास ही बाधा सहसा नसते. म्हणून संगणक चालू करणारी एसएसडी तेथेच बसवावी.

वेगाविषयी मात्र अकारण धास्ती बाळगली जाते. साटा पोर्ट सेकंदास सुमारे 600 मेगाबाइट नेऊ शकतो. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क 250 च्या पलीकडे क्वचितच जाते. पोर्ट तिच्यासाठी पुरून उरतो. चिपसेट व प्रोसेसर यांच्यामधला मार्ग सर्व डिस्कांस मिळून एकच असतो, हे खरे. नर्मदेचे पाणी जलूदहून वर चढवून इंदुरात आणावे लागते; मोहल्ल्यात नळ कितीही वाढविले तरी मुख्य वाहिनीतून येईल तेवढेच पाणी ते वाटून घेणार. तसेच येथे. परंतु सहा हार्ड डिस्क एकाच वेळी पूर्ण वेगाने धावल्या तरी बेरीज दीड गिगाबाइटची, आणि आजच्या बोर्डांत हा मार्ग तेवढा भार सहज वाहतो. गाण्याच्या संग्रहासाठी महागडा बोर्ड घेण्याचे हे कारण होऊ शकत नाही.

पोर्ट कमी पडलेच, तर नवा बोर्ड घेण्यापूर्वी जादा साटा कार्डाचा विचार करावा. बोर्डावरील मोकळ्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटात हे कार्ड बसते व चार, पाच किंवा सहा पोर्ट वाढवून देते. कार्ड निवडताना त्यावर एकाच पोर्टाचे अनेक भाग पाडणारी पोर्ट मल्टिप्लायर चिप नाही ना, याची खात्री करावी. अशा कार्डांवर एक डिस्क अडखळली की तिच्यासोबत इतरही अडखळतात. मोठ्या सर्व्हरांतून निघालेली जुनी एचबीए कार्डे बाजारात स्वस्त मिळतात. एका कार्डावर आठ डिस्क चालतात आणि ती विश्वासार्हही असतात. पण त्यांस लांब स्लॉट लागतो, आणि सर्व्हरच्या झोताची सवय असल्याने साध्या कॅबिनेटमध्ये ती फार तापतात. त्यांच्यासमोर लहानसा पंखा लावावा. यासाठी बोर्ड घेतानाच एक लांब स्लॉट मोकळा राहील असे पाहावे. 17 सेंटिमीटर चौरसाच्या मिनी आयटीएक्स बोर्डावर स्लॉट एकच असतो. तो देखणा असला तरी या कामाचा नव्हे. मायक्रो एटीएक्स हा बहुतेकांस सोयीचा मध्यम मार्ग.

डिस्कांस वीजही लागते, याचा विसर पडतो. हार्ड डिस्क चालू असता 6 ते 9 वॅट घेते, पण तबकडी फिरू लागण्याच्या क्षणी 12 व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत ओढते. सहा डिस्क एकदम सुरू झाल्या तर तो झटका एसएमपीएसने सोसला पाहिजे, आणि त्यास साटा विजेची तेवढी टोकेही हवीत. टोके कमी पडली म्हणून मिळणाऱ्या स्वस्त ओतीव जोडकेबली टाळाव्यात. त्या आतून वितळून पेट घेतल्याची उदाहरणे जगभर आहेत. माळव्याच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांवर जातो, तेव्हा डिस्कांवरून वारा खेळेल असेच कॅबिनेट निवडावे व संगणकास यूपीएस जोडावा. लांब ग्राफिक्स कार्ड लावावयाचे असेल तर उभे साटा पोर्ट त्याखाली झाकले जात नाहीत ना, हेही पाहावे. कडेला आडवे बसविलेले पोर्ट अधिक सोयीचे.

राहता राहिली प्रतीची गोष्ट. एका कॅबिनेटमधील दोन डिस्कांवर तीच माहिती एकाच वेळी लिहिली जात असेल, तर एक डिस्क बिघडल्यास दुसरी उपयोगी पडते. पण चुकून पुसलेली मैफल दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते, आणि विजेचा मोठा तडाखा बसला तर दोन्ही एकदम जातात. म्हणून तिसरी प्रत निराळ्या डिस्कवर, निराळ्या घरी हवी. पुण्यास किंवा देवासला कोणी आप्त असेल तर त्याच्याकडे ती ठेवावी, वर्षातून एकदा आणून वाचून पाहावी. मंडळाच्या संगणकावर या कामासाठी एक साटा पोर्ट कायम मोकळा राखावा. शिवाय प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी त्या डिस्कच्या केबलच्या दोन्ही टोकांस चिकटवावी. सहा सारख्या डिस्कांतून बिघडलेली एक काढावयाची वेळ येते तेव्हा चांगली डिस्क चुकून निघत नाही.