बिऱ्हाड हलविताना सिम कोणते घ्यावे?

जून उजाडला की साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतील आपली मुले-मुली कॉलेजसाठी धुळे, जळगाव, पुण्याची वाट धरतात. कुणी कामासाठी सुरतेला जातो, कुणी चाकणच्या कारखान्यात, कुणाची बदली कल्याणला होते. घरात चर्चा होते ती खोलीच्या भाड्याची, डिपॉझिटची, खानावळीची. मोबाइलचा विचार तेथे पोहोचल्यावर! आमच्या मते तो आधीच व्हायला हवा. कष्टकऱ्याच्या घरात मोबाइल आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, त्याचा ओटीपी फोनवर. बँकेचा, भविष्य निर्वाह निधीचा, आधारचा ओटीपी फोनवर. 'उद्या कामावर ये' हा ठेकेदाराचा निरोपही फोनवरच. तो लागला नाही, तर रोज बुडाला.

आमच्या गावात अमुक कंपनी चांगली, म्हणजे ती सगळीकडे चांगली, असे बरेच जण धरून चालतात. तसे नसते. रेंज ही टॉवरची गोष्ट आहे. सातपुड्याच्या पायथ्याला डोंगर आडवा येतो, शहरात गर्दी आडवी येते. बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्कामाला होते, त्याची आठवण म्हणून दरवर्षी त्या दिवशी तेथे भीमस्मृती यात्रा भरते. (योगायोग असा, की देशातला पहिला मोबाइल कॉलही ३१ जुलैलाच झाला, १९९५ साली.) अशा गर्दीत फोनवर रेंज पूर्ण दिसते, पण घरी फोन लागत नाही, हा अनुभव कुणाला नाही? टॉवर तेवढाच, माणसे कित्येक पट. दाट वस्तीत रात्री आठ-नऊच्या सुमारास हेच होते.

म्हणून खोली बघायला जाल तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम असलेले दोन-तीन सोबती बरोबर न्या. रस्त्यावर उभे राहून रेंज बघू नका. खोलीत जा, दार लावा आणि प्रत्यक्ष फोन करून बोला. पत्र्याच्या खोलीत आणि तळमजल्यावर रेंज हमखास पडते. फाइव्ह-जीच्या पाटीला भुलू नका, त्या लहरी भिंतीतून फारशा आत येत नाहीत. शेजारच्या बाईंना, किराणा दुकानदाराला विचारा, 'रात्री फोन लागतो का?' मुलगी शिकायला जाणार असेल तर बसस्टँडपासून वसतिगृहापर्यंतचा रस्ताही तपासा. ट्रायच्या नियमामुळे २०२५ पासून कंपन्यांना आपापल्या रेंजचे नकाशे वेबसाइटवर द्यावे लागतात. पहिल्या चाळणीला ते ठीक आहेत, पण त्यांत तुमची खोली दिसत नाही.

जुन्या बटनाच्या टू-जी फोनवर जिओचे सिम चालत नाही, त्याला फोर-जीचा फोन लागतो. गावी आजीच्या हातात तसलाच फोन असेल, तर घरातल्या सगळ्यांची एकच कंपनी करण्याचा हट्ट धरू नये. पूर्वी एका कंपनीत बोलणे स्वस्त पडे, आता तो प्रश्न उरलेला नाही.

आता नंबराविषयी. पिंपळनेरकडच्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण आमच्या माहितीतले आहे. पुण्यात गेल्यावर जुन्या सिमला खोलीत रेंज मिळेना, म्हणून त्याने नवा नंबर घेतला आणि जुने सिम टाकून दिले. शिष्यवृत्तीच्या अर्जाची वेळ आली तेव्हा आधारला जुनाच नंबर! ओटीपी येणार कोठे? आधार केंद्र, बँक, कॉलेज अशी धावपळ करण्यात त्याचे महिनाभर हाल झाले.

याची काहीच गरज नव्हती. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. ३ जुलै २०१५ पासून तर सर्कल बदलले तरी नंबर तोच राहतो. जळगाव, धुळे, नाशिक, पुणे हे सारे महाराष्ट्र सर्कल. मुंबई, नवी मुंबई, कल्याण हे मुंबई सर्कल. नवापूरच्या पुढे सुरतेकडे गुजरात सर्कल. इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकायचा आणि तो संदेश १९०० वर पाठवायचा. आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. तेवढ्यात आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. त्याच सर्कलमध्ये तीन आणि दुसऱ्या सर्कलमध्ये पाच कामाचे दिवस लागतात. सिम किमान नव्वद दिवसांचे असावे, बिल थकलेले नसावे. शिल्लक बॅलन्स बुडतो, म्हणून आदल्या दिवशी मोठा रिचार्ज मारू नये. बदल होताना काही तास फोन बंद पडतो. अर्जाच्या शेवटच्या तारखेला हे काम काढू नका, आणि तो कोड फोनवर कुणालाही सांगू नका.

मात्र गेल्या-गेल्या बदलण्याची घाई कशाला? रोमिंगचा भुर्दंड आता पडत नाही. दोन सिमचा फोन असेल तर महिनाभर दुसऱ्या कंपनीचे साधे सिम घालून बघा, मग ठरवा.

आम्हाला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती ठेकेदाराने किंवा मुकादमाने दिलेल्या सिमची. फुकट मिळाले म्हणून आपला माणूस खूश होतो आणि बँकेलाही तोच नंबर देऊन बसतो. पण सिम ज्याच्या नावावर, नंबर त्याचा. काम सुटले की तो सिम बंद करील, आणि तुमच्या पैशांचा ओटीपी त्याच्या हाती जाईल. सिम स्वतःच्या आधारवर, स्वतःच्या नावानेच घ्यावे. बाई कामाला जात असेल तर तिचे सिम तिच्याच नावावर असावे, नवऱ्याच्या नव्हे.

गावी राहिलेल्या आई-वडिलांना इंटरनेट लागत नसेल तर नुसते बोलण्याचे आणि एसएमएसचे रिचार्ज मागा. डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्या आदेशानंतर कंपन्यांना ते ठेवावे लागले आहेत. दुकानदार आपण होऊन सांगत नाही, विचारावे लागते.