वैकल्पिक विषय आणि प्रशासकाचे विशेषज्ञान

प्रशासकीय सेवांच्या स्पर्धापरीक्षेत वैकल्पिक विषय असावा की नसावा, हा वाद आपल्याकडे वारंवार उपस्थित होतो. परंतु उमेदवाराच्या विशेष अभ्यासाची परीक्षा मुळात कशासाठी घ्यावयाची, हा त्याआधीचा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो.

त्याची दोन उत्तरे संभवतात. 1854 साली मेकॉलेच्या समितीने भारतातील मुलकी सेवेसाठी खुल्या स्पर्धेची योजना मांडली. परीक्षेच्या विषयाचा कारभाराशी प्रत्यक्ष संबंध असावा, असा तिचा आग्रह नव्हता. अभिजात भाषांत वा गणितात प्रावीण्य मिळविणारा तरुण पुढे कोणतेही काम आत्मसात करील, अशी तिची धारणा होती. येथे विशेष अभ्यास हा बुद्धीच्या शिस्तीचा पुरावा होय. उलट, ब्रिटनमधील फुल्टन समितीने 1968 साली ‘सर्व कामांत चालणाऱ्या’ हौशी प्रशासकाच्या कल्पनेवर टीका करून कामाशी संबद्ध अशा ज्ञानाचा पुरस्कार केला. येथे विशेष अभ्यास हे कामाचे साधन होय.

भारतीय परीक्षेने या दोहोंत स्पष्ट निवड कधी केली नाही. 2012 साली मुख्य परीक्षेच्या 2,000 लेखी गुणांपैकी 1,200 गुण दोन वैकल्पिक विषयांना होते. 2013 पासून विषय एकच राहिला व गुणवत्तेसाठी धरावयाच्या 1,750 लेखी गुणांपैकी 500 गुण त्याच्या वाट्यास आले. प्रमाण घटले, हेतू मात्र संदिग्धच राहिला. सेवा व राज्य यांची वाटणी गुणानुक्रम, पसंती, आरक्षण व रिक्त जागा यांवर अवलंबून असते. वैकल्पिक विषयाचा तिच्याशी संबंध नसतो. साहजिकच ‘कोणता विषय अधिक गुण देईल’ हाच विचार उमेदवारापुढे प्रबळ ठरतो.

मार्च 2013 मध्ये, साहित्य हा विषय निवडण्यासाठी त्या भाषेच्या साहित्यातील पदवीची अट घालण्यात आली आणि विरोधानंतर त्याच महिन्यात मागे घेण्यात आली. मराठी साहित्य घेणाऱ्या अन्य शाखांच्या पदवीधरांची वाट त्यामुळे मोकळी राहिली, हे इष्टच झाले. तथापि पदवीने विशेषज्ञान सिद्ध होते काय, हा प्रश्न तेथेच सोडून देण्यात आला.

मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात अहिराणी, वऱ्हाडी, डांगी या बोलींचा अंतर्भाव आहे. ज्याने त्या खरोखर अभ्यासिल्या, त्याला आदिवासी मुलाची घरची भाषा आणि शाळेची भाषा यांतील अंतर इतरांहून लवकर उमगावे. मग त्याची नेमणूक कोणत्याही राज्यात होवो. परंतु ही जाण शिक्षण खात्याच्या उपयोगी पडावी, अशी व्यवस्था परीक्षेत नाही आणि नेमणुकीतही नाही.

तात्पर्य, वैकल्पिक विषय केवळ बुद्धीची कसोटी असेल, तर भिन्न विषयांच्या गुणांची तुलना न्याय्य कशी करावयाची, याचे उत्तर दिले पाहिजे. तो कामाचे साधन असेल, तर प्रशिक्षणात व पुढील नेमणुकांत त्याची नोंद घेतली पाहिजे. यांपैकी एकही न करता केवळ गुणांची फेरवाटणी करणे, ही सुधारणा नव्हे.