सेल्फ मारून मारून बॅटरीला मारू नका!

डिसेंबरची सकाळ, पावणेसातची वेळ. कुठल्याही हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये उभे राहा, तोच सीन दिसेल. सव्वासातचं प्रॅक्टिकल, गाडीवर दव, आणि एकजण अंगठा सेल्फच्या बटणावर ठेवून उभा. घर्रर्र... घर्र... घर्... टक्. मग मित्रांना फोन, धक्का, वैताग आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये ‘नवी बॅटरी टाकायला लागेल’ हे वाक्य. पॉकेटमनीची महिन्याभराची वाट लागते. गंमत म्हणजे यातल्या कितीतरी बॅटऱ्या तोपर्यंत मेलेल्या नसतात, त्या फक्त उतरलेल्या असतात.

मुळात थंडीतच गाडी का रुसते? एक तर इंजिन ऑइल घट्ट होतं, त्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. (ऑइलच्या डब्यावर १०डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं ना, त्यातला डब्ल्यू विंटरचा. आपल्या गाडीला कंपनीने सांगितलेला ग्रेड सोडून कुणाच्या सल्ल्याने जाड ऑइल टाकलं की सकाळी त्रास वाढतोच.) दुसरं, गार हवेत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. आणि तिसरं, बॅटरीमधली रासायनिक प्रक्रिया मंदावते. म्हणजे जोर जास्त हवा तेव्हाच बॅटरी कमी देते. निफाडसारख्या ठिकाणी पारा दहाच्या खाली जातो तेव्हा हे जास्त जाणवतं, पण बॅटरी आधीच थकलेली असेल तर पुण्यातली साधी थंडीही पुरते. खरं तर बॅटरीची झीज होते उन्हाळ्यात, तापलेल्या पार्किंगमध्ये. थंडीत ती फक्त उघडकीस येते.

म्हणून बटण दाबत बसण्याआधी आवाज ऐका. निम्मं निदान तिथेच होतं.

काहीच आवाज नाही? आधी लाल किल स्विच बघा. पार्किंगमधल्या कुणीतरी गंमत म्हणून तो दाबलेला असतो आणि आपण आख्खी गाडी खोलायला निघतो. मग साइड स्टँड, न्यूट्रल, क्लच. बऱ्याच गाड्यांत स्टँड खाली आणि गिअर पडलेला असेल तर सेल्फ लागतच नाही. तेही ठीक असेल तर फ्यूज. नुसतं टक्-टक्-टक् येतंय आणि मीटरचे दिवे मंद होतायत? बॅटरी उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल ढिलं आहे. इंजिन मात्र नेहमीसारखं जोरात फिरतंय, पण पकडत नाही? मग बॅटरीला दोष देऊ नका. भानगड पेट्रोलची किंवा प्लगची आहे.

आता सुरू कसं करायचं, ते गाडीवर अवलंबून. कार्बोरेटरवाली जुनी गाडी असेल तर चोक पूर्ण ओढा, अ‍ॅक्सिलरेटरला हात लावू नका आणि किक मारा. सुरू झाली की अर्ध्या-एक मिनिटात चोक आत ढकला. तो तसाच राहिला तर प्लग काळा होतो आणि अ‍ॅव्हरेजही पडतं. पेट्रोलचा भपकारा आला तर गाडी ओव्हर झाली असं समजा. चोक बंद करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि चार-पाच किका मारा.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. त्यांना चोक नाही. चावी फिरवा, दोन-तीन सेकंद थांबा, पेट्रोल पंपाचा बारीक झूंऽऽ आवाज थांबू द्या आणि मगच सेल्फ मारा, तोही पाच सेकंदांच्या वर नाही. मध्ये दहा-पंधरा सेकंद बॅटरीला दम खाऊ द्या. सलग अर्धा मिनिट बटण दाबून गाडी सुरू होत नाही, उलट उरलीसुरली बॅटरी आणि सेल्फची मोटर दोन्ही जातात.

धक्का स्टार्टचंही गणित बदललंय. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून पळवा आणि सोडा, हे ठीक. पण इंजेक्शनच्या गाडीत पंपालाही बॅटरीच लागते. मीटर उजळत नसेल आणि पंपाचा आवाज येत नसेल, तर मित्रांना उगीच पळवू नका. गिअर नसलेली स्कूटर तर धक्क्याने सुरू होतच नाही. आणि ड्यूक, मीटिअरसारख्या गाड्यांना किकच नाही, त्यामुळे तिथे सगळी मदार बॅटरीवर.

ही बॅटरी उतरते कशी? हॉस्टेल ते कॉलेज दोन किलोमीटर, कॉलेज ते टपरी अर्धा किलोमीटर, दिवसातून आठ वेळा सेल्फ. प्रत्येक सेल्फला खर्च झालेला चार्ज एवढ्याशा अंतरात भरून निघत नाही. त्यात २०१७ पासूनच्या गाड्यांचा हेडलाइट दिवसाही चालू, वर आपण लावलेला मोबाइल चार्जर, जादा फॉग लाइट आणि कर्कश हॉर्न. आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवा. किक असेल तर दिवसाची पहिली सुरुवात किकनेच करा. सुट्टीत तीन-चार आठवडे गावी जाताय? बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर वायरी काढून खायच्या सोड्याच्या पाण्याने ब्रशने घासा, कोरडं करा आणि वायरी घट्ट बसवून वरून पेट्रोलियम जेली लावा. पाण्याची बॅटरी असेल तर खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नाही. सीलबंद बॅटरी मात्र उघडायची नसते. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन तापवत बसू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

नव्या बॅटरीचे पैसे मोजण्याआधी गॅरेजवाल्याला मल्टीमीटर लावायला सांगा आणि आकडे स्वतः बघा. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्ट किंवा जास्त असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून बघा. चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी १२ च्या आसपास येत असेल, तर तिचं आयुष्य संपलं. मग गाडी सुरू करून थोडी रेस द्या. आकडा साधारण १३.५ ते १४.५ व्हायला हवा. तो वाढतच नसेल तर दोष चार्जिंगचा आहे, म्हणजे रेग्युलेटर किंवा कॉइलचा. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर तीही थोड्याच दिवसांत बसेल. बदलावीच लागली तर बॅटरीवरची उत्पादनाची तारीख बघून घ्या, वॉरंटी कार्डवर शिक्का मागा आणि जुनी दुकानातच द्या. शिशाला भाव असतो, बिलातून तेवढे पैसे कमी करून मिळतात.